पोहोचल्याची वेळ

पडद्यावर एकच दांडा उभा राहिला तेव्हा जयंतला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आग लागल्याचा फोन आल्यापासून बंब पोहोचेपर्यंत किती मिनिटं गेली, त्याचा तो आलेख होता. अशा आलेखाचा आकार त्याला नोकरीच्या इतक्या वर्षांत पाठ झाला होता. डावीकडे थोडंसं, मग चढ, मधे उंचवटा आणि उजवीकडे लांबत गेलेला उतार. कुठे बंब तीन मिनिटांत पोहोचतो, कुठे रेल्वे फाटकात अडकून अर्धा तास खातो. इथे चढ नव्हता की उतार नव्हता. अकरा हजार नोंदी, आणि त्यांतल्या दहा हजारांवर नोंदी सातच्या आकड्यावर एकमेकींच्या डोक्यावर चढून बसलेल्या. त्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा तोच दांडा. शेजारच्या टेबलावर जुनी रजिस्टरं टाईप करत बसलेली भक्ती मान वर न करता म्हणाली, "सर, मी तर आता दुसरी वेळ बिल्कुल बघतच नाही. कॉल चार दहा, तर पोहोचले चार सतरा. हात आपोआप जातो." जयंतने मान हलवली. खुर्चीत मागे टेकला. नोएडाच्या त्या ऑफिसात नोव्हेंबरातही एसी चालू असे, मशीनांसाठी. माणसं स्वेटर घालून बसत. 

गेल्या वर्षापर्यंत कंपनीत अमेरिकेतल्या बँकांची कामं होती. सन दोन हजार उजाडलं, कॉम्प्युटरांतल्या तारखांच्या घोळाने होणार म्हणत होते ती जगबुडी झाली नाही, आणि कामं आटली. मग कंपनीने हे घेतलं. आसपासच्या गावांच्या अग्निशमन केंद्रांत प्रत्येकी एक कॉम्प्युटर द्यायचा, बंब परत आला की अधिकाऱ्याने घटनेचा फॉर्म त्यावर भरायचा, तो फोनच्या तारेतून मुख्य कचेरीत जायचा; आणि त्याआधी मागच्या पंचवीस वर्षांची रजिस्टरं टाईप करून आत घालायची. ती पोत्यांतून आली होती. त्यांना धुराचा वास येईल असं जयंतला उगीच वाटलं होतं. आला तो उंदरांचा आणि खळीचा. एक्केचाळीस वर्षांचा तो कंपनीतला सगळ्यांत जुना माणूस. पोरं त्याला सर म्हणत आणि नवीन कामं दुसऱ्यांना मिळत. आगीचं काम त्याच्या वाट्याला आलं तेव्हा तो नको म्हणाला नव्हता. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

चार पंचवीस. चार बत्तीस. हे दोन आकडे त्याला आठवावे लागले नाहीत, ते होतेच. दिल्लीत मुनिरकाजवळच्या सरकारी कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मे महिना, शाळांना सुट्टी. तो चौदा वर्षांचा, उल्का बारा. आई स्वयंपाकघरात होती, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता, मग तो आवाज बदलला. पुढचं तो आठवत नसे. इतक्या वर्षांत आठवणीला त्याने एक वळण लावून ठेवलं होतं, तिथून ती सरळ दुसऱ्या दिवसांकडे जाई: इस्पितळाचा व्हरांडा, तिथली ओल्या चादरींची दोरी, आई गेली तो तिसरा दिवस. मधे एवढंच, की आई "फोन, फोन" म्हणाली होती आणि उल्का धावत गेली होती. फोन पलीकडच्या ब्लॉकमध्ये भटनागरांकडे होता. ते मोठे अधिकारी होते.

तेरावं झाल्यावर अण्णा, म्हणजे त्याचे वडील, अग्निशमन केंद्रातून रिपोर्टची कार्बन प्रत घेऊन आले. अण्णा शेतकी खात्यात सेक्शन ऑफिसर होते. लिहिलेल्या कागदावर त्यांचा विश्वास होता. बोललेल्या शब्दावर त्यांना तो कधीच ठेवता आला नाही. पाहुणे गेले होते, घरात तिघंच. अण्णांनी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं: फोन मिळाला चार पंचवीसला, घटनास्थळी पोहोचलो चार बत्तीसला. मग जयंतला विचारलं, "स्टोव्ह भडकला तेव्हा किती वाजले होते?" "चार वाजून पाच मिनिटं." "नक्की?" "नक्की." तो गणिताचा पेपर वेळ लावून सोडवत होता, घड्याळ समोरच होतं. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेला वजाबाकी केली. "भटनागरांकडे जायला तीन मिनिटं," ते म्हणाले, "सतरा उरतात." त्यांनी आवाज चढवला नाही. उल्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी पळत गेले." भटनागरांना अण्णांनी आधीच विचारलं होतं, पण ते दुपारी झोपले होते, घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं.  मग जयंतच म्हणाला, "मैदानात थांबली असशील. पोरी खेळत होत्या तिथे." उल्का म्हणाली, "नाही." एवढंच. त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही.

अण्णा तिला रागावले नाहीत, मारणं तर दूरच. त्यांनी फक्त तिला कशालाही पाठवणं बंद केलं. मुनिरका गावातून दूध आणायचं असो, पेटीत पत्र टाकायचं असो, शेजारून वाटी आणायची असो, ती उठू लागली की अण्णा म्हणत, "राहू दे, जयंत जाईल." आणि जयंत जाई. कॉलेजात होती तेव्हाही फॉर्म भरायला तोच जाई. पुढे तो इंजिनियर झाला, आणि उल्काचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, साताऱ्याकडच्या एका फौजी शिपायाशी. नातेवाईक चकित झाले. सेक्शन ऑफिसरची मुलगी, दिल्लीत वाढलेली. अण्णा म्हणाले, "मुलगा चांगला आहे." मुलगा चांगला निघाला हे अण्णांचं नशीब. गुलाबराव आता सुभेदार होते. पठाणकोट, जबलपूर, सिकंदराबाद करत दोन वर्षांपूर्वी दिल्ली कॅन्टोन्मेंटला आले होते. या दोन वर्षांत जयंत बहिणीकडे दोनदा गेला होता, दोन्ही वेळा भाऊबीजेला. मयूर विहारमधल्या त्याच्या घरापासून तासाचं अंतर. अण्णा गेले तेव्हा ती सिकंदराबादहून आली होती, दहा दिवस राहिली, सगळं केलं. आणि एकदाही आपण होऊन घराबाहेर पडली नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आता या खुर्चीत बसून आलं.

दोन दिवसांनी तो ट्रेनिंगचं निमित्त काढून एका केंद्रात गेला. तिथे राजवीर सिंग नावाचा जुना फायरमन होता, पुढच्या वर्षी रिटायर होणार होता म्हणून त्याला बंबावरून उतरवून कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं. तो की-बोर्डवरची अक्षरं एका बोटाने, गरम तव्याला हात लावल्यासारखी दाबत असे. जयंतने त्याला फॉर्मचे रकाने पुन्हा समजावले, आणि मग जाता जाता विचारावं तसं विचारलं, की जुन्या रजिस्टरांत सगळीकडे सातच मिनिटं कशी.

राजवीर हसला नाही की दचकला नाही. "साहब, आग पर जाते वक्त घड़ी कौन देखता है? लौटकर आते थे, नहाते थे, चाय पीते थे, तब रजिस्टर खुलता था. पहुँचने का टाइम तो मिल जाता था, मौके पर पुलिसवाला लिख लेता था. फोन कब आया, वो किसको याद? तो पहुँचने के टाइम में से सात घटा दिए."

"सात ही क्यों?"

"दस लिखो तो ऊपर से चिट्ठी आती थी. चार लिखो तो कोई मानता नहीं. सात ठीक बैठता था." त्याने डोळे चोळले. "मैं तिहत्तर में भरती हुआ. उस्ताद ने यही सिखाया था."

"दिल्ली में भी यही चलता था?"

"वहाँ का मैं क्या कहूँ. लिखनेवाले तो वहाँ भी हमारे जैसे ही होंगे." मग तो जयंतकडे जरा वेळ बघत राहिला. "किसी अपने का मामला है?"

"नहीं," जयंत म्हणाला, "काम का है."

परतताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तो थोडा वेळ बसून राहिला. दोन्ही बाजूंना नव्या सोसायट्यांचे सांगाडे, त्यांवर बांबूंच्या परांच्या, आणि फ्लॅट घ्या म्हणून सांगणाऱ्या पाट्यांवर हसणारी कुटुंबं. फोन कधी आला हे कुणालाच माहीत नसेल. म्हणजे चार पंचवीस ही वेळ घडलीच नसेल. कुणीतरी न्हाऊन, चहा पिऊन, बत्तीसमधून सात वजा केले असतील, आणि तेराव्यानंतर अण्णांनी त्यातून चार पाच आणि वाटेतली तीन मिनिटं वजा करून जे उरलं ते एका मुलीच्या नावावर मांडलं. फोन चार आठला गेला असेल, दहाला गेला असेल. बंबच वाटेत रखडला असेल. असेल, असेल. सिद्ध काहीच होत नव्हतं. ते रजिस्टर त्यांच्या पोत्यांत नव्हतं, दिल्लीच्या केंद्रांचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. पण चार पाच ही वेळ सांगणारा तो होता, आणि मैदानही त्यानेच सांगितलं होतं. मैदानात पोरी खेळत होत्या का, हे त्याने त्या दिवशी पाहिलं नव्हतं. मेच्या उन्हात चार वाजता कोण खेळतं?

ऑफिसात त्याने मॅनेजरला सांगितलं. अंशुमन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, दिल्लीतच वाढलेला, घरी मराठी बोलणारा म्हणून जयंतशी मराठीत बोले. "जुन्या नोंदींत फोनची वेळ रिकामी ठेवू या," जयंत म्हणाला. "ती खरी नाहीये."

"पण यार सर, क्लायंटला तर सात बघून आनंदच होईल ना."

"म्हणूनच."

"अच्छा, पण रिकामा रकाना सिस्टम घेतच नाही. तुम्हीच कंपलसरी केलाय तो." अंशुमनने हे चिडून म्हटलं नव्हतं, एक अडचण दाखवावी तसं म्हटलं होतं. डिसेंबरअखेर काम द्यायचं होतं.  पूर्वी, दहा वर्षांपूर्वी, तो भांडला असता असं जयंतला वाटलं. मग वाटलं, तेव्हाही नसता. सात तसेच आत गेले. आता ते तारेतून कुठल्याही कचेरीत पोहोचू शकत होते.

घरी त्याने वृंदाला सांगितलं, अर्धवट. वृंदाला सासूबद्दल एवढंच माहीत होतं की त्या भाजून गेल्या. ती ऐकून घेऊन म्हणाली, "वन्संना फोनवर सांगू नकोस. आणि घाईत सांगू नकोस." मग, "मी येऊ?" तो नको म्हणाला.

रविवारी तो निघाला. निजामुद्दीनचा पूल, रिंग रोड, धौला कुआँ. कॅन्टोन्मेंटच्या फाटकावर नाव-गाव लिहून घेतलं. आत गेलं की दिल्ली संपल्यासारखी वाटे. चुना लावलेले दगड, झाडांना गेरू, रस्त्यावर पान पडलेलं नाही. उल्काच्या क्वार्टरसमोर तुपाच्या रिकाम्या डब्यांत शेवंती फुलली होती. ती अंगणात बाजेवर उन्हाला पाठ करून मटार सोलत बसली होती. त्याला बघून उठली, पदराला हात पुसले. "दादा? सगळं ठीक आहे ना?" विनाकारण आला म्हणजे काहीतरी झालं असणार, एवढं अंतर त्याने ठेवलेलं होतं. गुलाबराव आतून आले, "या या, बसा की," म्हणाले. दोघांची तोंडं पाहून पाच मिनिटांत त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण कॅन्टीनात काम आहे म्हणून ते सायकल काढून गेले.

त्याने खिशातून छापलेला आलेख काढला. कागद उलगडताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण दुसरं काही आणलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, पोती, रजिस्टरं, राजवीर सिंग, सात मिनिटं. उल्काने कागद हातात घेतला, त्या एकुलत्या दांड्याकडे पाहिलं, तो उडू नये म्हणून मटारच्या ताटाखाली ठेवला, आणि पुन्हा शेंग घेतली.

"म्हणजे काय?" ती म्हणाली.

"म्हणजे चार पंचवीस हे खोटं होतं बहुतेक. तू आधीच फोन केला होतास. बंब उशिरा आला आणि त्यांनी ते असं लिहिलं. तू सरळ गेली होतीस."

"सरळच गेले होते. पळत." तिने शेंग फोडली. "पण दादा, बेल मी एकदाच वाजवली."

त्याला कळलं नाही.

"भटनागरांची बेल. त्याच्या आदल्या महिन्यात आईने मला मामाचा फोन आलाय का विचारायला पाठवलं होतं. तेव्हा मी बेल दोनदा वाजवली, तर त्यांची बाई केवढी ओरडली. एक बार में सुनाई देता है हमें, म्हणाली. म्हणून एकदा वाजवली आणि उभी राहिले. आत कूलर चालू होता, मोठा. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी आपली उभी. पायात चप्पल नव्हती, जिन्याची फरशी गार होती, ते बरं वाटत होतं. ते आठवतं. आई तिकडे तशी, आणि मला पायाला बरं वाटत होतं."

"किती वेळ?"

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, खूप दिवसांनी कुणीतरी पत्ता विचारावा तसं काहीतरी होतं. "बघ. हे आज विचारलंस. तेव्हा कुणी विचारलंच नाही, सगळे सांगत होते. अण्णांनी वजाबाकी केली. तू मैदान म्हणालास. मैदानात मी नव्हते, म्हणून नाही म्हणाले. तेवढं खरं होतं ना." तिने शेंगेतला किडका दाणा नखाने बाजूला केला. "मला माहीत नाही किती वेळ. पाच मिनिटं असेल. सतराही असेल. मग वीज गेली, कूलर बंद पडला, तेव्हा मी दाराची कडी वाजवली."

तिचं ओझं उतरवायला म्हणून तो एवढ्या लांब आला होता, आणि आता ते कुणाचं हेच त्याला समजेना. तो म्हणाला, "हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"ह्यांना सांगितलं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात. मला वाटलं, माहेरी पोचवतील. ऐकून घेतलं सगळं. म्हणाले, बारा वर्सांची पोर व्हतीस की गं. मग दुसऱ्या दिवशी गावाकडच्या घरी पत्र लिहिलं आणि माझ्या हातात दिलं, म्हणाले, एवढं पेटीत टाकून ये. एकटी गेले मी, परक्या गावात, पेटी शोधत." ती हसली. "पेटीपाशी उभी राहून इतकी रडले, की पोस्टमन विचारायला आला."

उन्हात शेजारच्या क्वार्टरची बाई गाद्या टाकत होती. कुठेतरी परेडच्या मैदानावर बँडची तालीम चालली होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. जयंतला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. अंगात एक जुना थकवा होता, झोपेने न जाणारा. तो वयाचा आहे, नोकरीचा आहे, असं तो वृंदाला सांगत आला होता.

"तू काय करत होतास?" उल्काने विचारलं. "मी गेल्यावर."

"मी गोधडी टाकली. आईच्या अंगावर."

"गोधडी शेजारच्या सूदकाकूंनी टाकली. आवाज ऐकून त्या आल्या. त्या पुढे भेटल्या होत्या मला, त्यांनी सांगितलंय." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी तुला पकडत नाहीये, दादा. विचारतेय."

आठवणीला लावलेलं ते वळण त्याने पुष्कळ वर्षं जपलं होतं. आता ते तिथे नव्हतंच. "मी दारात उभा होतो," तो म्हणाला. "स्वयंपाकघराच्या. ती मला म्हणत होती, जवळ येऊ नकोस, तू येऊ नकोस. मोरीत बादली भरलेली होती. मला दिसत होती ती. आणि मी गेलो नाही. ती येऊ नकोस म्हणाली म्हणून गेलो नाही असं मी..." त्याचा आवाज फुटला नाही, नुसता संपला.  त्याला वाटलं आता थांबावं, आणि तो थांबला नाही. "चहा रोज पाच वाजता व्हायचा. अण्णा यायच्या वेळी. त्या दिवशी चारला मी मागितला होता. पेपर सोडवून डोकं दुखत होतं. ती म्हणाली, थोडं थांब, अण्णांबरोबर घे. मी म्हटलं, आत्ता हवा. म्हणून तिने स्टोव्ह पेटवला."

उल्काचे हात थांबले होते. बराच वेळ तिने ताटातल्या दाण्यांकडे बघत ते उगीच सारखे केले. मग म्हणाली, "मीसुद्धा म्हणाले होते. दादाला करतेयस तर मलाही दे अर्धा कप."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती असं म्हणाली होती का? त्याने ती दुपार पुन्हा आणायचा प्रयत्न केला, पुढचं टेबल, वही, पंख्याची घरघर, आतून पंपाचा आवाज. उल्का कुठे होती? बाजूच्या खोलीत होती की दारात, काही बोलली की नाही, त्याला आठवेना. तेव्हा तिला चहा देत होते का, तेही आठवेना. ती मान खाली घालून शेंगा निवडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळणार नव्हतं. तिला विचारावं असं एक क्षण त्याच्या मनात आलं. त्याने विचारलं नाही. तो बाजेवर थोडा पुढे सरकला, ढिगातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या, आणि दोघं गुलाबराव परत येईपर्यंत सोलत बसले.